आजोबांचा आरडाओरडा

लिही गं, तुझे आजोबा इतकं हळू बोलायचे की जेवताना भाजी मागितली तरी मला कळायचं नाही. मी आपली पाणीच द्यायचे.

आमचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. भागीदाराशी बिनसलं आणि त्यानं 'दुकान माझंच' म्हणून दावा ठोकला. आम्हाला त्याचा पत्ताच नाही. हातात आला तो एकदम निकाल, दुकान रिकामं करा म्हणून. कुलूपवाल्याच्याच दुकानाला कुलूप लागायची वेळ आली, बघ.

वकिलानं कोर्टातले कागद काढले. समन्स पोचवणाऱ्या बेलीफानं लिहून दिलेलं, "मालकाने आरडाओरडा करून समन्स नाकारले." म्हणून आमचं न ऐकताच निकाल लागला होता.

मला हसूच आवरेना.

"वहिनी, हसताय काय?" वकील म्हणाला. "हे खोटं आहे असं सिद्ध करावं लागेल."

"सिद्ध काय करायचंय त्यात? यांना नुसतं उभं करा."

कोर्टात हे उभे राहिले, काहीतरी बोलले. जज म्हणाले, "जरा मोठ्यानं." परत तेच. शेवटी कारकून यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचा आणि जजना सांगायचा.

जजनी बेलीफाकडे बघितलं. "हेच ओरडले का तुमच्यावर?"

त्याची बोबडी वळली. दुकानाकडे फिरकलोच नाही, असं कबूल केलं त्यानं. तो निलंबित झाला, निकाल रद्द झाला, दावा पहिल्यापासून चालला आणि दुकान आपल्याकडेच राहिलं.

त्या दिवशी जेवताना यांचे ओठ हलले. मी लगेच भाजी वाढली.

तर म्हणतात कसे, "अगं, पाणी."