केबल, मार्गे दूध सोसायटी

आमच्या टीव्हीचं मागचं तोंड साखर कारखान्याच्या निवडणुकीत गेलं. निकाल केबलच्या लोकल चॅनेलवर दाखवणार होते आणि आमच्या खोलीत सगळी गल्ली मावेना, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टीव्ही अंगणात आणायचं ठरवलं. केबलची वायर तेवढी लांब नव्हती. टीव्ही धरलेल्यांनी टीव्ही ओढला, वायर धरलेल्यांनी वायर ओढली. दोघंही वेगवेगळ्या पॅनेलचे असल्यामुळे सोडायला कोणी तयार होईना. शेवटी वायरची पिन आणि ती जिथं बसायची ते भोक, दोन्ही मिळून बाहेर आलं. "व्हतंय नीट," अण्णा म्हणाले. हे वाक्य ते घराला आग लागली असती तरी म्हणाले असते.

त्यानंतर दुष्काळ पडला आणि टीव्हीचं कोणाला काही वाटेनासं झालं. आमचं गाव वडवणीच्या अलीकडे. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला, चारा संपला. आईची एक गाय होती. आईची म्हणजे खरोखर आईची. लग्नात माहेराहून आंदण म्हणून आलेल्या गायीची ती नात. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर आई असा हक्क सांगत नसे, त्यामुळे गाय विकायचा विषय काढायची कोणाची टाप नव्हती. जवळची चारा छावणी भरली होती, म्हणून अण्णा गायीला घेऊन लिंबागणेशच्या पुढं, आत्याच्या गावच्या छावणीत गेले आणि गायीसोबत तिथंच राहिले. आईला जाता येईना. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसे, आणि मी बारावी सायन्सला असल्यामुळे घागरींच्या भांडणातलं मला काही कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

दर बाजारच्या दिवशी अण्णा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करत. दुकानदार निरोप द्यायचा, "गाय बरी हाय." आई त्याच्याकडं उलट निरोप ठेवायची: खाती का, पाणी किती पिती, खूर बघितलं का. पुढच्या बाजारी उत्तर यायचं, "गाय बरी हाय." आईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ह्येंचं काय ऐकतीस," ती म्हणायची. "ह्येंच्या बापाचा पाय मोडला तवाबी बरं हाय म्हणून सांगितलं व्हतं." गाय मेली आहे आणि अण्णा तिकडं नुसते बसून आहेत, असं तिच्या मनानं घेतलं होतं. जेवताना मध्येच घास हातात धरून ती विचारायची, "मेली आसंल का गं?" मी म्हणायचे, मेली असती तर अण्णा परत आले असते. "तोंड कसं दावायचं म्हणून येत नसतील," असं तिचं त्यावर म्हणणं असे.

मग एका निरोपाला शेपूट आलं. "गाय बरी हाय. उद्या सांजच्याला छावणी लोकल चॅनेलवर दावणार हायत."

आई दुकानातून आली ती सरळ टीव्हीपाशी गेली. वरचं विणकामाचं कव्हर काढून तिनं घडी घातली आणि मला म्हणाली, "लाव."

गल्लीत केबल आणखी एकाच घरी होती, पण त्या घरच्या बाईशी टँकरच्या नळीवरून आईचं बोलणं बंद होतं. तिच्याकडं जाऊन बघू, असं मी सुचवलं. आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून मी तो विषय सोडला.

मी वायरीची उघडी तार टीव्हीच्या मागं धरून बघितली, काडीपेटीची काडी खोचली, वरून चिकटपट्टी लावली. पडद्यावर मुंग्या आल्या आणि गेल्या. केबलवाल्याला बोलावलं. "सिग्नल एक नंबर हाय ताई," तो दारातूनच म्हणाला. केबलवाले हे आधी म्हणून घेतात. मग वाकून मागं बघितलं. "ह्याचं तोंडच गेलंय. बीडला न्यावं लागंल." उद्याचं काय, असं विचारल्यावर त्यानं डोकं खाजवलं. "व्हीसीआर आसंल तर केबल त्याच्यात घाला. त्याच्यातून पिवळी-पांढरी वायर काढून टीव्हीच्या ह्या बारक्या भोकात. टीव्हीला कळतबी न्हाई केबल कुठून आली."

गावात व्हीसीआर एकच होता, महिला दूध सोसायटीचा. जिल्हा दूध संघानं तो प्रशिक्षणासाठी दिला होता. त्या वर्षी सोसायटीत दूध येत नव्हतं, पण सोसायटी रोज वेळेवर उघडत होती. सेक्रेटरी, सोसायटी महिलांची असून अर्थातच पुरुष, रिकाम्या कॅनवरची धूळ पुसून खुर्चीत बसत. आई मेंबर होती, म्हणून मी जाऊन मशीन मागितलं.

"सोसायटीची वस्तू खाजगी कामाला देता येत न्हाई," ते म्हणाले.

"गाय बघायचीय काका."

त्यांनी विचार केला. "गाय सोसायटीच्या कामात येती," ते म्हणाले, "पण तुमचं घर येत न्हाई."

तोडगा त्यांनीच काढला. आमच्या घरी प्रशिक्षण कार्यक्रम ठेवायचा. मेंबर बायांना बोलवायचं, आधी सोसायटीची कॅसेट दाखवायची, मग मशीन गरम झालेलंच आहे म्हणून केबल लावायची. आमच्याकडं कुठलंही काम अडलं की त्याचा कार्यक्रम करतात, आणि नारळ फोडल्याशिवाय तो झाला असं कोणी धरत नाही. सेक्रेटरी नारळ घेऊनच आले. आईनं टीव्हीला हळदीकुंकू वाहिलं, व्हीसीआरला वाहिलं आणि काही कारण नसताना मलाही लावलं.

बाया आल्या. नळीवाली शेजारीणही आली, कारण कार्यक्रम सोसायटीचा होता, आमच्या घरचा नव्हता. आईकडं न बघता ती दाराशी बसली.

कॅसेट मुरघासाची होती. जास्तीचा हिरवा चारा खड्ड्यात दाबून कसा टिकवायचा, त्याची. पडद्यावर पुरुषभर उंचीचा हिरवागार मका वाऱ्यावर हलत होता आणि एक साहेब सांगत होते, की चारा जास्त झाला तर घाबरून जायचं कारण नाही. कोणी हसलं नाही. बाया पदर तोंडाशी धरून मका बघत राहिल्या. "परत लावा की," एक जण म्हणाली. "मका तेवढा." सेक्रेटरींनी कॅसेट मागं घेतली. एवढं हिरवं आम्ही त्या वर्षी कुठंच बघितलं नव्हतं. मक्याच्या कॅसेटनं मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

मग मी केबल घातली आणि बटण दाबत चॅनेल शोधत बसले. मुंग्या, कीर्तन, मुंग्या, कुठल्यातरी भाषेतली मारामारी. शेवटी लोकल चॅनेल लागलं, पण काळं-पांढरं. मका रंगीत आणि केबल बिनरंगाची. सिग्नल कमी पडला की आधी रंग जातो, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी व्हीसीआरच्या पाठीत एक सणसणीत चापट मारली.

"सोसायटीचा हाय बाई," सेक्रेटरी कळवळले.

"ऱ्हाऊ दे रंग," आई म्हणाली. "मला वळखू येती माझी गाय."

छावणी दिसायला लागली. ताडपत्रीची छपरं, रांगेनं बांधलेली जनावरं. एक पुढारी माईकसमोर बोलत होते. आईचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ती त्यांच्या कमरेच्या बाजूनं मागं काय दिसतंय ते बघत होती. बोलता बोलता पुढारी जरा सरकले आणि आई ताडकन उभी राहिली.

"ती बघ! कपाळावर चांद. कान कशी हलवायली बघ!"

गाय होती. जिवंत होती, रवंथ करत होती, आणि आमच्या दारात होती त्यापेक्षा अंगानं भरली होती. आई रडली, नाक पुसलं, हसली. बाया एकमेकींना गाय दाखवायला लागल्या. सेक्रेटरींना आपल्या मशीनचा फार अभिमान वाटला असावा, कारण ते पुढं वाकून मोठ्यानं म्हणाले, "अन् गाईपाशी ते म्हातारं कोण हाय?"

गायीचं दावं धरून एक माणूस उभा होता. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा. कॅमेरा आहे म्हणून तो ताठ उभा होता आणि गाय नीट दिसावी म्हणून बाजूला सरकत होता.

"म्हातारं न्हाई ते," आई म्हणाली. "आमचं मालक हायत."

पुढाऱ्यांचं भाषण चालूच होतं. मग दाराजवळून शेजारीण म्हणाली, "रंग न्हाई ना त्येला. म्हणून तसं दिसायलंय."

"हां, रंग न्हाई," सगळ्या म्हणाल्या. मशीनमध्येच काहीतरी दोष असणार, संघाला कळवतो, असं सेक्रेटरी म्हणाले. सोसायटीच्या मशीनमध्ये दोष असू शकतो हे त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं.

सगळे गेल्यावर आईनं विचारलं, "रंगानं एवढा फरक पडतो का गं? तू शिकलीस म्हणून इचारते."

"पडतो," मी म्हणाले.

चूल पेटवून तिनं भाकरीची चवड केली, फडक्यात बांधली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं गेली. जाताना म्हणाली, "टँकरला तू उभी ऱ्हा." त्या दिवशी टँकर आला. शेजारणीनं माझ्याशी एक शब्द न बोलता आमच्या घागरी उचलल्या आणि स्वतःच्या घागरींपुढं ठेवल्या.

दिवस मावळायच्या आधी एसटी आली. आई उतरली नाही, अण्णा उतरले. त्यांच्या हातात आईची पिशवी होती.

"हाकलून दिलं मला," ते म्हणाले. "गाय मी बघते, तुमी घरी जाऊन जेवा म्हणली. कावून, ते काय सांगितलं न्हाई."

ऊन अजून होतं. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. सदरा निळा होता, गमछा तांबडा होता, पायांवर फुफाटा होता. रंग सगळे होते. फरक काहीच नव्हता.

मी ताट वाढलं. अण्णांनी भाकरी मोडली.

"गाय कशी दिसली?"

"लई चांगली दिसली."

"मी सांगतच व्हतो." ते खाली मान घालून जेवत राहिले. जरा वेळानं सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मी दिसलो का?"

"दिसलात की अण्णा," मी म्हणाले. "पण रंग न्हवता."

त्यांनी वळून टीव्हीच्या मोडक्या पाठीकडं बघितलं.

"व्हतंय नीट," ते म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागितली.