झाकण खाली पोचेपर्यंत

जुबैर तांबटाने यमिनाला पहिल्यांदा पाहिलं ते झुलत्या पुलाच्या बरोबर मध्यावर, आणि त्या दिवशी कुसंतीना शहरात इतका वारा सुटला होता की मिनारावरची कबुतरं शेपटीकडून उडत होती. जुबैरच्या खांद्यावर संत्र्याच्या फुलांचा अर्क काढायचं तांब्याचं नवंकोरं भांडं होतं. समोरून आईचा दंड धरून यमिना येत होती. अंगावर पायघोळ काळी म्लाया डोक्यापासून ओढलेली, नाकातोंडावर पांढरा रुमाल, आणि त्या काळ्यापांढऱ्यामधल्या फटीत दोन डोळे. त्या डोळ्यांनी जुबैरकडे असं काही पाहिलं की त्याचा हात ढिला पडला, भांड्याचं घुमटासारखं झाकण निसटलं आणि कठड्यावरून थेट रुमेल नदीच्या दरीत गेलं. आता ही दरी किती खोल, तर झाकण पडायला लागलं तेव्हा दोघं अनोळखी होती. ते अर्ध्यावर पोचलं तोवर जुबैरने मुलीच्या आईची माफी मागून घर कुठे ते विचारून घेतलं होतं. आणि तळाशी आपटल्याचा आवाज वर आला तेव्हा मेहर ठरून मिठाईही वाटून झाली होती.

ही गोष्ट जुबैर सांगायचा, आणि ती वर्षागणिक अंग धरत गेली. मुलं लहान होती तेव्हा वाऱ्याने नुसत्या टोप्या उडायच्या. नातवंडं झाल्यावर एक गाढव उडालं. ही गोष्ट चालू असताना यमिना कधीच काही बोलत नसे. ती मसूर निवडत असे.

कुसंतीना एका प्रचंड खडकावर बसलेलं आहे आणि दरीने त्याला तीन बाजूंनी कवेत घेतलं आहे. इथल्या माणसांना या दरीचा असा काही अभिमान, जसं काही फावडी घेऊन ती त्यांनीच खणली. त्यातही जुबैर म्हणजे दरीचा जावईच. परदेशी पाहुणे पुलावर येऊन कठड्यापासून हातभर लांब उभे राहिले की हा त्यांच्यादेखत कठड्याला पोट टेकून खाली वाकायचा, जर्दाळू खाऊन बी दरीत थुंकायचा आणि ती कुठे पडली ते बोट करून दाखवायचा. दिसत कुणालाच नसे. पण बोट इतक्या खात्रीने रोखलेलं असे की पाहुणे माना डोलवायचे.

हात थरथरायला लागले तसं त्याने दुकान पुतण्याच्या हवाली केलं. दुकान गेलं तरी दिवस मात्र तेवढाच लांब राहिला. सकाळी पाव आणायचा, पिंजऱ्यातल्या मकनीन पक्ष्याला दाणे घालायचे, कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घेऊन डॉमिनोचे डाव हरायचे आणि हरलेला डाव खरं म्हणजे आपण कसा जिंकला होता हे घरी येऊन यमिनाला समजावून सांगायचं, यात संध्याकाळ व्हायची. घर खडकाच्या अगदी टोकाला. खिडकी उघडली की खाली दरी, समोर पूल. जिना मात्र असा की बकरीने दोनदा विचार करावा.

या जिन्यावरूनच मुलाशी खटके उडायचे. मुलगा नसीम वीज कार्यालयात होता आणि शहराबाहेरच्या नव्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहत होता. तिथे शेजारची खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे, हे तो दर शुक्रवारी कुसकुसच्या ताटावर सांगायचा. एका शुक्रवारी जुबैरला ते सहन झालं नाही. सगळ्या घरासमोर, तोंडात भोपळ्याची फोड असताना, तो म्हणाला, "ज्या दिवशी झुलता पूल मला माझ्या पायांनी ओलांडता येणार नाही, त्या दिवशी मला तुझ्या त्या काडेपेटीत नेऊन ठेव. तोवर हा विषय नको."

नसीम सरकारी माणूस. त्याने ते वाक्य मनात नोंदवून ठेवलं. विषय खरोखरच बंद झाला, आणि जुबैर आपल्या हुशारीवर खूश होऊन पुन्हा भोपळ्याकडे वळला.

त्याच हिवाळ्यात ते घडलं.

पलीकडे राहणाऱ्या मुलीकडे, दलीलाकडे, तो चालला होता. पूल निम्मा झाला होता. मागून एक भाजीची गाडी गेली आणि पायाखालची जमीन जराशी हलली. ती नेहमीच हलायची. जुबैर त्याला पुलाचं श्वास घेणं म्हणायचा. त्याने सवयीने खाली पाहिलं. डोमकावळे उडत होते, त्याच्या पायांच्या कितीतरी खाली. त्यांच्या काळ्या पाठी दिसत होत्या. पाखरांची पाठ दिसते म्हणजे आपण कुठे उभे आहोत, हा विचार त्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला. आणि तो आला तो गेलाच नाही. इतकी वर्षं आपण दरीकडे पाहत आलो, आज ती आपल्याकडे पाहते आहे, असं त्याला वाटलं. कठड्याची तार त्याने दोन्ही हातांनी धरली आणि मग बोटं सुटेनात.

डॉमिनोवाला खुदीर नेमका तिथून जात होता. तिथे काय करतोस, असं त्याने विचारलं.

"तार तपासतोय," जुबैर म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? धातूचा माणूस आहे मी."

खुदीरही थांबून तार पाहू लागला. त्याने ती ठोकून पाहिली, बरी आहे म्हणाला आणि चालू लागला. त्याचं बोलणं चालू असेतो जुबैरची बोटं सैल झाली, आणि खुदीरच्या पाठीवर नजर रोवून तो आला तसा परत गेला. दलीलाला त्याने निरोप पाठवला की पोटात गुबारा धरलाय.

त्या दिवसापासून जुबैरचं शहर आटत गेलं. बाकीचे पूलही दरीवरच होते, ते कुठे शेतावर असणार? खडक जिथे जमिनीला चिकटला आहे त्या एका बाजूने बाहेर पडायचं, बस धरायची, तळाच्या रस्त्याने सगळ्या शहराला वळसा घालायचा आणि घामाघूम होऊन दलीलाच्या दारात उभं राहायचं. समोर खिडकीतून जिचं धुणं दिसतं त्या मुलीकडे पोचायला दुपार व्हायची. विचारलं तर सांगायचा, फिरायला गेलो होतो, या वयात चाललं पाहिजे. बसमध्ये झोप लागून एकदा तो पार विमानतळाच्या रस्त्याला लागला, तर तेही आपण मुद्दाम विमानं पाहायला गेल्याचं त्याने घरी सांगितलं. यमिनाने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि गरम पाणी आणून ठेवलं.

रात्री खिडकीची झडप तो आपल्या हाताने लावून घेऊ लागला. दिवसाही पलंग भिंतीकडे सरकवला. जिथे दरी नाही तिथे ती त्याला जाणवू लागली. न्हाणीच्या उंबऱ्यावर, खुर्चीवर उभं राहून दिवा बदलताना, नमाजात सुजूदला कपाळ टेकवताना सुद्धा. म्हातारपण म्हणजे दात जाणं, ऐकू न येणं एवढाच त्याचा हिशेब होता. पण आपल्याच घराच्या अंगणाची भीती वाटेल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे नसीमला कळलं की संपलं. पिंजरा, पलंग, खिडकी, खुदीर, सगळं गुंडाळून चौथा मजला.

वसंत आला, संत्री फुलली आणि दलीलाच्या मुलीचं लग्न ठरलं.

जुबैरच्या घराण्याची एक रीत होती. लग्नघरी पहिला अर्क निघायचा तो आजोळच्या भांड्यातून, आणि ते भांडं आजोळचं वडील माणूस पायी घेऊन जायचं. उघडं, खांद्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल असं. ही रीत जपून ठेवली होती ती जुबैरनेच. पुतण्याने एकदा भांडं टॅक्सीने नेलं तेव्हा हा वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता. आता नसीमने फोनवर विचारलं, की मी गाडी घेऊन येऊ का, तर जुबैरची जीभ त्याला न विचारताच बोलून गेली की तांबटांचं भांडं कधी गाडीत बसलेलं नाही.

"बरं," नसीम म्हणाला. "मी पुलाच्या त्या टोकाला उभा राहतो."

पुढचे दिवस जुबैर आजारी पडायच्या खटपटीत होता. ओल्या डोक्याने खिडकीत बसला, शिळी मासळी खाल्ली, गुडघा दुखतो म्हणून दोन्ही पायांनी आळीपाळीने लंगडला. पण प्रकृती अशी हट्टी की मासळी पचली, आणि यमिना म्हणाली, "एक कुठला तरी पाय ठरवा आता."

ठरल्या दिवशी सकाळी दोघं निघाली. जुबैरच्या खांद्यावर भांडं, आणि त्याचं कोपर धरून म्लाया पांघरलेली यमिना. तिच्या वयाच्या मोजक्याच बायका आता म्लाया पांघरत. पुलावर ती त्याचं कोपर नेहमीच घट्ट धरायची. बायकोचं आपल्यावर असलेलं प्रेम जुबैर याच जागी मोजायचा.

वारा होता. गोष्टीतल्यासारखा नव्हे, पण होता. पहिले काही खांब जुबैरने समोरच्या टोकाला दिसणाऱ्या नसीमच्या पांढऱ्या सदऱ्यावर डोळे लावून काढले. मग रिकाम्या भांड्यात वारा शिरला आणि ते घुमायला लागलं, खोल, विहिरीतून कुणी हाक मारावी तसं. हाक खालून येते आहे असं त्याला वाटलं. त्याने खाली पाहायचं नव्हतं. त्याने पाहिलं. डोमकावळ्यांच्या पाठी.

पाय थांबले.

"किती राहिलं?" यमिनाने विचारलं. पुलावर आल्यावर ती प्रत्येक वेळी हेच विचारायची.

"अर्धं."

"मग थांबलात का?"

"यमिना, माझे पाय गेले."

"कुठे?"

"कुठे काय? इथेच आहेत. हलत नाहीत." भांडं खांद्यावर थडथडत होतं आणि ते वाऱ्याने नाही, हे त्याला कळत होतं. "मला भीती वाटते. खाली जाईन असं वाटतं."

यमिनाने विचारलं, "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"इतकंच? मला तुमच्या आधीपासून वाटते."

त्याने मान वळवली. रुमालाच्या वर, म्लायाच्या कडेखाली, बायकोचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

"हा पूल मी कधी पाहिलेला नाही," ती म्हणाली. "लहानपणी एकदा पाहिला तेवढा पुरला. पुलावर पाय ठेवला की डोळे मिटते. म्लायात कुणाला दिसतं?"

जुबैरला दरीपेक्षाही काहीतरी खोल पायाखाली उघडल्यासारखं झालं. "म्हणजे त्या दिवशी? झाकण पडलं तेव्हा?"

"ऐकलं मी. मला वाटलं पूल तुटला."

"आणि माझ्याकडे पाहिलंस ते?"

"आईने पाहिलं. घरी गेल्यावर मी विचारलं कसा आहे, तर म्हणाली, उंच आहे, आणि खांद्यावर भांडं होतं म्हणजे कामधंदा करतो."

मागून मालवाहू गाडी येत होती. पूल हलायला लागला. जुबैरने एवढंच म्हटलं की यमिना, मी खाली बसतो. ती म्हणाली, बसलात तर नसीम येईल. मग तिने म्लायाचा काठ उचलला आणि त्याच्या डोक्यावरून ओढून घेतला. एकदम अंधार झाला. आत लवंगेचा आणि हिरव्या साबणाचा वास होता.

"हात कठड्यावर ठेवा. खांब गार लागतो, तार खरखरीत. तार हाताखालून वर चढायला लागली की पूल संपत आला."

गाडी गेली. सगळा पूल एकदा वर आला आणि खाली बसला. जुबैरने तिचं कोपर धरलं, घट्ट, आणि पाय पुढे सरकवला. भीती कमी झाली नाही. अंधारात तर ती मोठीच झाली. पुढच्या पावलाला फळी आहे की नाही हे प्रत्येक वेळी नव्याने कळत होतं. गार. खरखरीत. गार. भांडं घुमत होतं. मध्ये एकदा त्याने विचारलं, किती राहिलं, आणि यमिना म्हणाली, मला काय माहीत, मी कधी पाहिलंय?

नसीमने पुढे दलीलाला सांगितलं, की पुलावरून चार पायांचं, एका काळ्या पाठीचं, तांब्याची शिंगं असलेलं काहीतरी कठड्याला घासत येत होतं, आणि लोक बाजूला होऊन वाट देत होते.

तार वर चढली. दगड लागला. म्लाया दूर झाली तेव्हा समोर नसीम उभा होता. त्याने बापाच्या खांद्यावरचं भांडं उतरवून घेतलं. जुबैरचा सदरा पाठीला चिकटला होता.

"तुझ्या आईला थंडी वाजत होती," जुबैर म्हणाला.

"हो," नसीम म्हणाला. शुक्रवारच्या त्या वाक्याचं त्याने नावही काढलं नाही. त्याने ते काढलं असतं तर जुबैर भांडला असता, आपण पायांनीच आलो हे पटवून दिलं असतं आणि बहुधा जिंकलाही असता.

संध्याकाळपर्यंत अर्क थेंबथेंब बाटलीत उतरत राहिला, घरभर वास पसरला. नवऱ्या मुलीने आजोबांना झाकणाची गोष्ट सांगायला सांगितली. जुबैरने सुरुवात केली, वारा सुटला होता, आणि यमिनाकडे पाहिलं. ती मान खाली घालून फुलं निवडत होती. मग त्याने गोष्ट सांगितली, पण गाढव वगळलं, आणि झाकण पडलं ते फार पटकन.

निघायच्या वेळी नसीमने चपला पुढे ठेवल्या. जुबैर त्यांत पाय घालत म्हणाला, "गाडीनेच जाऊ. तळाच्या रस्त्याने." दलीलाने बाटली कागदात गुंडाळून आईच्या हातात दिली.

रमजान संपल्यावर जुबैर आणि यमिना नव्या वस्तीत राहायला गेली. चौथा मजला आहे, लिफ्ट बंद असते. बाल्कनीच्या दाराला जुबैरने पहिल्याच दिवशी कपाट लावून घेतलं.