उद्यमनगरात ओतलेली तोटी आणि खालचा गूळ

राजारामपुरीतल्या आमच्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर एखाद्या होडीएवढं होतं. चपाती लाटताना लाटण्याचं टोक भिंतीला लागायचं, आणि दोघं आत गेलो की एकानं श्वास घेतला तर दुसऱ्यानं तो बाहेर सोडायचा, असा आमच्यात अलिखित करार होता. पण त्या होडीत नळ होता. घरातला नळ. आमच्या एकट्याचा नळ.

ह्या नळाचं मोल मला कळलं नव्हतं. बायकोला कळलं होतं. लग्नानंतरची नऊ वर्षं ती शाहूवाडीकडच्या आमच्या गावात, चौदा माणसांच्या घरात राहिली. झऱ्याचं पाणी डोक्यावर घेऊन दिवसाला सहा खेपा चढ चढायची. मला कोल्हापुरात मास्तरकी लागली, ही खोली मिळाली, आणि पहिल्या सकाळी तिनं नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग त्याला हळदकुंकू लावलं. मी हसलो. ती हसली नाही. नुसतं म्हणाली, "पाणी आपल्याकडं चालत येतंय बगा."

तर हा नळ गळायला लागला. किती गळायचा म्हणाल, तर पहाटे पाणी आलं की पलीकडच्या गल्लीतले लोक त्याच्या थेंबांवर घड्याळं लावून घ्यायचे. नळाला दोन दुखणी होती. एक तोंडाचं आणि एक मानेचं. तोंडातून गळलेलं पाणी मोरीत जायचं, त्याचं काही नाही. पण तोटी जिथं भिंतीतल्या पाइपात बसते त्या मानेतून गळलेलं पाणी भिंतीत मुरायचं, आणि भिंतीच्या खाली घरमालकांची गुळाची खोली होती.

मालक तळमजल्यावर राहायचे. त्यांच्या शेतातल्या उसाचा गूळ, भाव चढेपर्यंत, आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली रचलेला असायचा. पिवळेधमक रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, छतापर्यंत. गुळाला ओल म्हणजे मरण. एक दिवस मालक वर आले आणि दारातच उभे राहिले.

"मास्तर, माझा गूळ रडायला लागलाय."

"रडतोय म्हणजे?"

"म्हंजे पाझरतोय की. वरनं तुमचं पाणी मुरतंय. पंधरा दिस देतो. थेंब थांबला पायजे, न्हाईतर खोली मोकळी करा. राग नगा मानू."

मी राग मानला नाही, कारण मला त्यात संधी दिसली. त्याच दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं की नळ मी स्वतः दुरुस्त करणार. पहिला प्रयोग चपलेचा. माझ्या जुन्या कोल्हापुरी चपलेच्या टाचेतून मी गोल चकती कापली आणि वायसर म्हणून तोटीत घातली. तोंडाची गळती थांबली, हे शपथेवर सांगतो. फक्त नळ उघडला की चपलेसारखा करकर वाजायचा, आणि पाण्याला असा रंग यायचा की आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यानं ते बिनदुधाचा चहा समजून फुंकर मारून प्यायलं आणि साखर कमी आहे म्हणाला. मान मात्र गळतच राहिली.

"नळवाल्याला बोलवा," ही म्हणाली. "बाजारात तयार तोटी मिळती. तो लावून दील."

इथं मला कोल्हापूरचं रक्त नडलं. ह्या शहरात वस्तू विकत घेणं हा कमीपणा आहे. इंजिनाचं चाक असो, पिठाच्या गिरणीचा दांडा असो, उद्यमनगरातल्या कारखान्यांत गेलं की माणूस विचारतो, "नमुना आणलाय काय?" आणि संध्याकाळपर्यंत वस्तू तयार. तिथल्या एका मिस्त्रींची आणि माझी दोस्ती होती. लेथवर बसले की ते लोखंडाचं लोणी करायचे. सगळं आयुष्य ऑइल इंजिनाचे भाग करण्यात गेलेलं. मी त्यांच्यापुढं गळकी तोटी ठेवली.

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "ह्ये काय, पत्र्याचा बाजा हाय. मास्तर, ह्याची नक्कल करू नगा. आटं झिजल्यात. ह्याच मापाचं क्येलं तर परत गळणार."

"मग?"

"गनमेटलची ओततो. आटं जरा जाड ठेवतो. इंजिनात आमी असंच करतो, घट्ट बसलं की जन्मभर हालत न्हाय. तुमच्या नातवाच्या नातवाला पुरंल."

"पण पाइप जुना आहे हो."

"पाइपाचं काय? त्यानं घ्यायला नगं व्हय?"

मला ते पटलं. आता लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा पटलं. वीस वर्षांच्या गंजक्या पाइपात इंजिनाचा घट्टपणा बसवायचा, ह्यात काही चुकतंय असं आमच्या दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. फिट म्हणजे फिट.

तोटी तयार झाली ती काय सांगू! वजनाला नारळापेक्षा जड, चमक अशी की सायकलवरून आणताना समोरच्या माणसांनी डोळ्यांवर हात धरले. रविवारी सकाळी मी ती टेबलावर मांडली, शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली. तेवढ्यात दारात नळवाला उभा. हातात पिशवी, पिशवीत पाना, सांध्यात भरायला सफेता, सुताची गुंडी आणि बाजारातली साधी तोटी. हिनं मला न विचारता त्याला निरोप धाडला होता.

"वहिनींनी बोलावलंय," तो म्हणाला. "धा मिंटाचं काम हाय. आधी पाइपाचं तोंड साफ करतो, सडलं असंल तर तेवढा तुकडा बदलू."

शेजारी बघत होते. मी म्हणालो, "ती तोटी आहे का शिट्टी? घेऊन जा, पोराला वाजवायला दे."

सगळे हसले. नळवालाही हसला, पिशवी खांद्याला लावली आणि गेला. ही आतल्या दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "पाइप सडलाय म्हंजे काय हो?"

मी तोटी पुढच्या शेजाऱ्याच्या हातात दिली. त्या पंधरा दिवसांतला तो तेरावा दिवस होता.

दुपारी, पाणी गेल्यावर, मी कामाला लागलो. माप झाल्यावर परत बसवलेली जुनी तोटी काढली. नवी दोन आटे आत गेली आणि अडली. मी जोर लावला. अर्धा आटा. मग मिस्त्रींकडून आणलेला हातभर लांब पाना लावला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, भिंतीला पाय दिला आणि लोंबकळलो. भिंतीच्या आतून एक आवाज आला. सुपारी फोडल्यासारखा, बारीक. हिनं मान वर केली.

"काय वाजलं?"

"बसली," मी म्हणालो.

आणि खरंच, तोटी बसली होती. हलवून हलेना. हिनं तिला हळदकुंकू लावलं. संध्याकाळभर मी येईल त्याला ती हलवून बघायला लावली.

पाणी पहाटे यायचं. दुसऱ्या दिवशी ते आलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. तोटीतून थेंब नाही, मानेतून थेंब नाही. मी हिला हाक मारणार, एवढ्यात तोटीभोवतीचा गिलावा फुगला, पुरी फुगते तसा, आणि भिंतीनं तोंड उघडलं. आतला पाइप कोपरापाशी उभा फाटला होता. पुढचं मी ठिकठिकाणी फार रंगवून सांगितलेलं आहे. कपबशा तरंगल्या, मांजर पोहत जिन्यानं उतरलं, खालच्या खोलीत गुळवणीची नदी झाली आणि मुंग्यांनी सांगलीपर्यंत आवतण धाडलं. ह्यातलं कपबशांचं खरं आहे.

मी रस्त्यावरच्या मुख्य चावीकडे पळालो. ती गंजून दगड झाली होती. परत आलो तेव्हा ही भिंतीला पाठ लावून बसली होती. गोधडीचा बोळा त्या भगदाडात दाबून, अंगानं अडवून. पाणी तिच्या दोन्ही खांद्यांवरून वाहत होतं.

"सोड," मी म्हणालो. "काही उपयोग नाही."

"नऊला जातंय पाणी," ती म्हणाली. "नऊपतुर धरतो."

नऊपर्यंत धरलं तिनं. मी बादल्या ओतत राहिलो.

पाणी गेल्यावर मालक वर आले. पाय चिकट झाले होते, प्रत्येक पायरीवर चट चट आवाज येत होता. ते ओरडतील म्हणून मी छाती काढून तयार होतो. ओरडले असते तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी कधी हरत नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीशी बसलेल्या हिच्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं बघून पंधरा दिस दिलतं. वरसाचा गूळ गेला. आता मी घरात काय सांगू?"

"व्हय," ही म्हणाली.

"महिना भरला की..."

"व्हय. खालचं पुसून देतो मी."

आणि ती खरोखर उठली, ओल्या लुगड्यानं खाली गेली आणि संध्याकाळपर्यंत ती खोली धूत राहिली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुमी शाळंत जावा." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं.

महिन्याच्या शेवटी आम्ही शहराबाहेर उचगावला गेलो. परवडणारी जागा तिथंच मिळाली. एक खोली, आणि अंगणात अकरा बिऱ्हाडांना मिळून एक नळ. पहिल्या सकाळी ती घागर घेऊन निघाली तेव्हा मी दुसरी घागर उचलली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हावा. तितं समद्या बायाच हायत."

आम्ही तिथं सात वर्षं राहिलो. घरातला नळ पुन्हा कधी बोलण्यात आला नाही. मी दोनदा दुसऱ्या जागेचा विषय काढला, दोन्ही वेळा ती म्हणाली, "हितं काय वंगाळ न्हाय."

माझी जीभ मात्र गप्प बसणारी नव्हती. एका सकाळी पाणी यायला उशीर झाला होता, अंगणात माणसं जमली होती, कुणीतरी म्हणालं, "मास्तर, सांगा की कायतरी." आणि मी गुळाची नदी सांगितली. मांजर पोहवलं, मुंग्या सांगलीहून मिरजेपर्यंत नेल्या. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांतली एक मागं वळून हिला म्हणाली, "अगं बया, खरंच काय हे? तू कुठं हुतीस तवा?"

ही रांगेत सातवी होती. पुढची बाई सरकली तशी तिनं घागर उचलली आणि एक जागा पुढं ठेवली.

"तितंच हुतो," ती म्हणाली.

नळाला पाणी आलं.