चाकाखालचं लिंबू

दसऱ्याच्या स्वारीला मी आणि सुमन, माझी भावजय, लहरीपुऱ्यात उभ्या होतो. त्या दुपारी बडोद्याची जमीन हलली, असं नंतर सगळे सांगत होते. आम्हाला काही कळलं नाही. गर्दीच इतकी हलत होती की जमिनीकडे कोण बघतंय! हत्ती पुढे गेले, आणि मागून वीजघरातला मेस्त्री धापा टाकत आला. "बेन, दवाखान्यात चला... साहेब भाजलेत."

साहेब म्हणजे दत्तू, माझ्या पाठचा भाऊ, संस्थानच्या वीजखात्यात इंजिनिअर. उत्तरेकडे मोठा भूकंप झाला तेव्हा तो मदतीला गेला होता. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. तिकडच्या वीजघरात ट्रान्स्फॉर्मर चाकांवरून घरंगळून आडवे पडले होते, त्यांच्यावरचे चिनी मातीचे खांब फुटले होते, आणि दवाखान्यात डॉक्टर अंधारात जखमा चाचपत होते. हे सांगताना दत्तूचा घास हातातच राहायचा. मग एकच ध्यास लागला. आपल्या ट्रान्स्फॉर्मरची चाकं लोखंडी पकडींनी रुळांना जखडायची, तारा ताणून न बांधता थोड्या सैल सोडायच्या. लोक त्याला 'भूकंपराव' म्हणत. वरिष्ठ म्हणत, बडोद्याला कसला आलाय भूकंप! तो चिडायचा नाही, मीच चिडायचे. पण त्याने घरातल्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा सुतळीने फळीला बांधल्या, तेव्हा मलाही राहवलं नाही. "मेल्या, आता आम्हालाही बांध!" म्हटलं. "तुला दोरखंड लागेल, अक्का," म्हणाला. मेल्या... आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

शेवटी पकडी बसल्या एकदाच्या. पण खंडेनवमीला माणसांनी हट्ट धरला. यंत्रं पुसून झेंडू वाहायचा, हे दरवर्षीचंच. पण चाक लिंबावरून फिरलं नाही तर पूजा अपुरी, असं सगळ्यांचं म्हणणं. "साहेब, एक वार फेरवा ने," मेस्त्रीने हात जोडले. हसत हसत का होईना, ज्यांनी त्याच्या पकडी बसवल्या, त्यांचं मन दत्तूला मोडवेना. वीजघरातल्या दोन ट्रान्स्फॉर्मरपैकी एक बंद करून सोडवला, पुढे ढकलला, लिंबू चिरडलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्यावर दवाखाना चालत होता, त्याला कुणी हात लावला नाही. सणाला दिवे हवेत म्हणून पहिला परत जोडून सुरू केला, आणि पकडी उद्या आवळू म्हणत माणसं घरी गेली.

दसऱ्याला दत्तू पकडी आवळायला एकटाच गेला. माणसांना स्वारी बघू दे, म्हणाला. पाना घेऊन तो चाकाशी वाकला असतानाच हादरा बसला. पळभराचाच, पण मोकळी चाकं सरकली, तार ओढली गेली, चिनी मातीचा खांब तुटला आणि पेटलेलं तेल त्याच्या अंगावर आलं.

दवाखान्यात मला त्याच्याकडे बघवेना. ओठ हलले तेव्हा पाणी मागतोय असं वाटलं. "दिवे..." म्हणाला. "अरे, दिव्यांचं काय घेऊन बसलास!" मी रडत ओरडले. सुमनला कळलं. ती कानाशी वाकून म्हणाली, "इथला एकही गेला नाही. दुसरा जागचा हलला नाही." मग तो बराच वेळ खाटेच्या वरच्या दिव्याकडे बघत राहिला.

कोजागिरीच्या आत गेला. लोक लिंबाला बोल लावतात, मेस्त्री स्वतःला लावतो. मला दत्तूचाच राग येतो. एकदाच ऐकलंन लोकांचं, ते नेमकं हेच ऐकायचं होतं? या रागाचं काय करावं, मला समजत नाही.

परवा जेवताना मी लोणचं वाढलं आणि बरणी तशीच फळीवर ठेवली. म्हटलं, राहू दे आता, उद्या बांधू. सुमन भरल्या ताटावरून उठली. उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने आणि दातांनी तिने सुतळी ओढली, तशीच, त्याच्यासारखी गाठ मारली.

"उद्या नको, वन्सं," म्हणाली, आणि परत ताटावर येऊन बसली.