भावाच्या घावानं सापडलेली गाठ

"डोक्याला मार लागला म्हणून तुम्ही आलात, पण मार किरकोळ आहे," यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "आत एक गाठ दिसतेय. ती आजची नाही, बऱ्याच वर्षांची आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. माझ्या नवऱ्याच्या कपाळावर ताजे टाके होते, शर्टवर रक्त वाळलं होतं, आणि हा माणूस मार किरकोळ म्हणतो! मग त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरली. सीटी स्कॅन म्हणजे मशीननं डोक्याच्या आतले काढलेले फोटो. त्यात लिंबाएवढा पांढरा गोळा मलासुद्धा दिसला.

"लागलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडलो," हे म्हणाले.

हे पडले नव्हते. आमचं गाव आर्णी तालुक्यात. सासऱ्यांनी दोघा मुलांना शेत वाटून दिलं, विहीर मात्र एकच ठेवली. पाण्याच्या मोटारीच्या पाळीवरून यांची आणि धाकट्या भावाची, मनोजची, जुंपली आणि त्यानं फावड्याचा दांडा उचलून यांच्या डोक्यात घातला. मी कपाशीत उभी होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पुढे नागपूरला एमआरआय झाला. यात चुंबकाच्या मशीनमधून आणखी बारीक फोटो निघतात. आवाज फार होतो, पण दुखत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मेनिन्जिओमा. मेंदूवर जे पातळ आवरण असतं, त्याची गाठ. "बहुतेक कॅन्सरची नाही," ते म्हणाले, "पण उजवा पाय चालवणारा मेंदूचा भाग ती दाबतेय. काढावी लागेल. ऑपरेशनमध्ये पाय जाण्याचा धोका आहे, जिवालाही थोडा आहे. नाही काढली तर दोन्ही नक्की जाणार."

पाय म्हटल्यावर मला सगळं आठवलं. वर्षभर यांच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि यांना पत्ताच नसायचा. आम्ही किती हसलो! मी दोनदा नवी चप्पल आणायला लावली. हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, घरात कोणाचा पाय असा ओढत असेल, तर चपलेला दोष देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

आमच्या घरात सासऱ्यांपासून प्रभू येशूची उपासना चालते. आमचे पास्टर वॉर्डात प्रार्थनेला आले. मनोजही त्यांच्यामागे दाराशी उभा होता. पास्टर डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, भावाच्या हातून तू ही गाठ दाखवलीस, तुझे आभार." माणूस भला, मनानं निर्मळ. पण मनोजनं डोळे उघडले तेव्हा त्याची मान ताठ झालेली मला दिसली. तेव्हापासून तो गावात ज्याला त्याला सांगत सुटला की देवानंच त्याच्या हातून ते करवून घेतलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर मी आतून घाबरलेही होते. देवाच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, हे मी लहानपणापासून मानत आले. मग दांडा कोणी हलवला? देवानं हलवला असेल, तर मी मनोजवर रागवायचं कशाला? आणि देवानं नसेल, तर त्या वेळी तो होता कुठे? दवाखान्याच्या रांगांमध्ये दुसरं काम नसतं. मी हेच उगाळत बसायचे आणि रडायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटायच्या वेळेत मनोज आला. यांचं डोकं भादरलं होतं. मला ते लहान बाळासारखं वाटत होतं, सारखा हात फिरवावासा वाटे.

"दादा, देवाचीच मर्जी होती म्हना," मनोज म्हणाला. "म्या मारलं नसतं तं तुले कळलंच नसतं."

यांनी त्याला खाटेवर जवळ बसवलं. मग म्हणाले, "येशूले क्रूसावर देलं, त्यातूनच आपलं तारण झालं ना?"

"हो."

"मंग खिळे ठोकनाऱ्याइले आपन कधी हार घातला काय?"

हे तिथंच थांबले नाहीत.

"येशूनं तं त्याइच्यासाठी माफी मागतली. गुन्हाच नसता, तं माफी कायची मागतली असती?"

एवढं बोलून यांनी त्याचा हात हातात घेतला आणि भेटायची वेळ संपेपर्यंत सोडला नाही. मनोज मान खाली घालून बसला होता. माझ्या मनातला गुंता मला एकटीला सुटला नव्हता, तो यांनी पडल्यापडल्या सोडवला होता. वाईट ते वाईटच. पण ते कितीही वाईट असलं, तरी देवाच्या हाताबाहेर जात नाही.

दुसऱ्या दिवशी यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मनोज. दुपार झाली तरी कोणी बाहेर येईना. तेव्हा तो सरकत माझ्याजवळ आला.

"वहिनी, म्या मारलं. डोक्सं पाहून मारलं. देवानं नाई, म्या."

आत काय होईल, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. हे कदाचित वाचलेही नसते. सगळं चांगलं झाल्यावर कबूल करणं सोपं असतं. त्यानं आधी केलं, म्हणून मला ते खरं वाटलं. मी डब्यातली पोळी त्याच्यापुढे सरकवली. ती काही माफी नव्हती, पण तो सकाळपासून उपाशी होता.

संध्याकाळी डॉक्टर आले. "गाठ पूर्ण निघाली. पायाला वेळ लागेल, पण चालतील." मी भिंतीला टेकून रडले. काही दिवसांनी तपासणीत गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता.

आता रोज सकाळी मनोज यांना धरून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालवतो. यांनी त्याला केव्हाच माफ केलं. माझी माफी अजून वाटेत आहे. कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे. देव वाट बघतोय, असं मला वाटतं. त्याचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. दांड्याचे मात्र मानणार नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत बरं झालेला माणूस रविवारी पुढे येऊन साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. हे मनोजच्या खांद्याचा आधार घेत पुढे गेले. लांबलचक साक्षीची सवय असलेले लोक सावरून बसले.

"ह्यानं मले मारलं," हे म्हणाले. "देवानं मले वाचवलं. म्या ह्याले माफ केलं."

एवढंच. लोक अवघडून एकमेकांकडे बघत राहिले. पहिला 'आमेन' मनोजचा होता.