जुन्या प्लगशेजारी नवा

काउंटरच्या काचेवर मी जुना स्पार्क प्लग उभा केला आणि त्याच्या शेजारी दुकानदारकाकांनी दिलेला नवा. नव्याचे आटे चांगले अर्ध्या पेराने लांब होते.

"बसतो गं पोरी, सगळे हाच नेतात," काका म्हणाले. "नाहीतर बाबांना पाठव."

मागून एक गिऱ्हाईक हसलं. "द्या हो बांधून, मॅडमना काय कळतंय त्यातलं!"

बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता. आमच्या नर्सरीची रोपं त्यांच्या पेट्रोल पिकअपमधून बाजारात जातात आणि आठवडाभर गाडी चढावर धक्के खात होती. "लांब प्लग आणू नकोस, आत पिस्टनला लागेल," एवढंच त्यांनी बजावलं होतं.

दुकानात बोलायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून पहिली दाखवलेली चप्पलच मी घेते, घट्ट असली तरी. चपलेचं निभतं, कारण पाय सोसतात. फोड येतो, कातडी निबर होते आणि आपण विसरून जातो. बोलणं टाळून असं किती काय मी अंगवळणी पाडून घेतलं असेल! इंजिन मात्र काही सोसणार नव्हतं.

नवा प्लग मी बोटाने काकांकडे सरकवला. "काका, आखूड आट्यांचे चार द्या. मी थांबते."

काकांनी दोन्ही प्लगांकडे पाहिलं आणि स्टूल ओढून वरच्या फळीला हात घातला.

उभ्या उभ्या चप्पल चावत होती. तरी आलेले चारही प्लग मी एकेक करून जुन्याशेजारी उभे करून पाहिले.