दाराला हात लावू नका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे लिफ्टवाले म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी चारशेच्या वर माणसं बंद पडलेल्या लिफ्टमधून सुखरूप बाहेर काढली होती. त्यांत वकील होते, लग्नाला निघालेली एक नवरी होती, आणि एक साडेसहा फुटी पहिलवान होता, जो बाहेर आल्यावर त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला होता.

त्यांची खरी करामत पान्यात नव्हती, फोनवर होती. अडकलेल्याचा फोन आला की ते जेवत्या ताटावरून उठत आणि एकाच पट्टीत बोलू लागत. "हे बघा, दाराला हात लावू नका. खाली बसा. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. घाबरा, पण बसून घाबरा. मला वीस मिनिटं लागतील, कदाचित पंचवीस. तुम्हाला तास वाटेल. अडकलेल्या माणसाला तसंच वाटतं." दोन मिनिटांत आलोच, असलं खोटं ते कधी सांगत नसत. आणि पलीकडचा माणूस खरंच खाली बसायचा.

एवढं शहाणपण असलेला हा गृहस्थ घरी आला की ते शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा. घरात एकुलती एक मुलगी होती, बारकी. आता तेरा वर्षांची. ती पाच वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घाबरली, तर लिफ्टवाल्यांनी शाळेचा रस्ता बदलला. नवा रस्ता पंधरा मिनिटं लांबचा होता, तर तेवढं लवकर उठून ते स्वतः पोचवायला जाऊ लागले. दुकानात काही मागायचं तर मागे उभे राहून मागायचे तेच. मैत्रिणीला फोन करायचा तर आधी तेच बोलायचे, "हॅलो, मी बारकीचा बाबा, बारकीला विचारायचंय की." मैत्रिणी हळूहळू कमी झाल्या. त्यालाही लिफ्टवाल्यांकडे उत्तर होतं, मुली हल्ली फार आगाऊ असतात.

बारकीची आई घरीच शिवणकाम करायची आणि मशीनवरून मान वर न करता नेमकं बोलायची.

"तिच्या वाटचं सगळं तुम्हीच बोलून टाकता. ती काय बोलणार, कपाळ?"

"अगं, तिला त्रास होतो."

"त्रास तिला होतो का तुम्हाला?"

बारकीचे डोळे भरले की त्यांच्या पोटात खड्डा पडायचा, हे खरंच होतं. तो खड्डा लवकरात लवकर बुजावा एवढ्यासाठीच त्यांची सगळी धावपळ चालायची, आणि तिला ते माया म्हणायचे.

आता घोडं अडलं होतं तोंडी परीक्षेपाशी. वर्गासमोर उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर सात मिनिटं बोलायचं, एवढंच. गेल्या तीन वेळा लिफ्टवाल्यांनी एका तज्ज्ञांची चिठ्ठी आणून सूट मिळवली होती. यंदा वर्गाच्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"चौथी चिठ्ठी आणलीत तरी मी घेईन," बाई म्हणाल्या. "मला नियमाने घ्यावीच लागते. पण एक सांगते. वर्गातली मुलं आता तिला काही विचारतच नाहीत. वाईट म्हणून नाही, त्यांना सवय झाली आहे. या वेळीही ती उभी राहिली नाही, तर पुढे ती स्वतःहून उभी राहील असं मला वाटत नाही."

लिफ्टवाल्यांनी मान डोलावली, घरी आले आणि चौथ्या चिठ्ठीसाठी वेळ मागून घेतली. बारकीने विषय निवडून, भाषण तीनदा लिहून गादीखाली ठेवलं होतं. हे आईला ठाऊक होतं. बाबांना कुणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी ते स्वतःच पाठ केलं असतं.

चिठ्ठी देणारे तज्ज्ञ एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसत. दारावर पाटी होती, 'भयमुक्त बालपण केंद्र'. भिंतीवर ढगांचं मोठं चित्र आणि त्याखाली 'दीर्घ श्वास घ्या'. मुलाला बघायला त्यांना दहा मिनिटं लागायची आणि चिठ्ठी द्यायला एक, कारण ती छापूनच ठेवलेली असायची, फक्त नाव घालायचं. भीती वाटते ते टाळा, हा त्यांचा एकमेव उपाय. पालकांना तो फार आवडायचा, कारण तो त्यांना आधीपासूनच येत असायचा.

त्या दिवशी बापलेक इमारतीत शिरले तर रखवालदार जिन्यात उभा राहून वर तोंड करून ओरडत होता, "घाबरू नका साहेब, घाबरू नका." तज्ज्ञ खाली चहाला निघाले होते आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. आतून दारावर धपाधप हात आपटल्याचा आवाज येत होता.

हत्यारांची पिशवी लिफ्टवाल्यांच्या खांद्यावर कायमच असायची. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळं काम मांडून झालं होतं. वीज बंद करायची, वर मशीनरूममध्ये जायचं, एकाने ब्रेकचा दांडा धरून ठेवायचा, दुसऱ्याने चाक हाताने फिरवत डबा मजल्याला आणायचा. म्हणजे रखवालदार वर हवाच. पण डबा हलत असताना आतला माणूस दार उचकटून बाहेर यायला गेला, तर चेंगरून मरतो. त्याला दारापासून लांब ठेवायला इथे कुणीतरी हवं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जिन्यात बारकीशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"तू खाली जाऊन बस," ते सवयीने म्हणाले. मग त्यांना आतून दाराची फट नखांनी ओढल्याचा आवाज ऐकू आला. "नाही, थांब. इथेच थांब. त्यांना दार उघडू देऊ नकोस." आणि पुढे काही सांगायला वेळच नव्हता, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी काही सांगितलं नाही.

मशीनरूममध्ये जमिनीला भोकं असतात, त्यांतून दोर खाली डब्याकडे जातात. त्याच भोकांतून आवाज वर येतो. रखवालदाराने दांडा धरला, लिफ्टवाल्यांनी चाकावर हात ठेवले आणि कान भोकाशी नेला. खाली एक मिनिटभर फक्त दार खरवडल्याचा आवाज होता. झालं, पोरीची दातखीळ बसली, असं त्यांना वाटलं. धावत खाली जावं, असंच त्यांच्या मनात आलं.

मग एक बारीक आवाज वर आला. "दाराला हात लावू नका."

"कोण आहे? मला श्वास घेता येत नाहीये."

"बोलताय म्हणजे घेता येतोय. खाली बसा. घाबरा हवं तर, पण बसून घाबरा."

"पण कोण बोलतंय?"

"मी. तुमच्याकडे चिठ्ठीला येते ती. जी बोलत नाही."

रखवालदाराने खोकून आठवण करून दिली तेव्हा लिफ्टवाल्यांना आपण चाक फिरवायचं थांबलोय हे कळलं. खालून आवाज येतच राहिला. लिफ्टला पाच दोर असतात, एकटा दोरही सगळं वजन पेलू शकतो, सगळेच तुटले तरी डब्याखाली रूळ पकडणारे जबडे असतात. मध्ये ती अडखळायची, थांबायची, पुन्हा मागच्या वाक्यापासून सुरू करायची. आवाज कापत होता. पण पंचवीस मिनिटं ती बोलत होती, आणि आतला माणूस बसून होता.

तज्ज्ञ बाहेर आले ते गुडघ्यांवर धूळ आणि चेहरा कागदासारखा पांढरा. पाणी प्यायले, केस सारखे केले आणि आपल्या खुर्चीत बसताच पुन्हा तज्ज्ञ झाले. "या मुलीवर बोलण्याचा ताण अजिबात येऊ देऊ नका," असं म्हणून त्यांनी छापील चिठ्ठीत बारकीचं नाव घातलं. आणि लिफ्टवाल्यांनी, स्वतःच्या कानांनी सगळं ऐकून आलेल्या लिफ्टवाल्यांनी, ती चिठ्ठी घेतली. लाज कशी नाही वाटली, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली, असू दे म्हणून.

परीक्षेच्या सकाळी ते वर्गाच्या दारापर्यंत आले. खिशावर हात होताच.

"चिठ्ठी आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "तुला वाटलं ना की नाही जमणार, तर नुसतं दाराकडे बघ. मी लगेच आत येतो."

बारकीच्या ओठांचा रंग गेला होता. तिने व्हरांड्यातल्या बाकाकडे बोट दाखवलं. "बाबा, तिथे बसा."

"अगं, पण."

"दाराला हात लावू नका," ती म्हणाली आणि आत गेली.

दार बंद झालं. लिफ्टवाले बसले, उठले, पुन्हा बसले. आतून बाईंचा आवाज आला, मग बाकं सरकली, मग काहीच नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहिला, तो हलतच नव्हता. मग बारकीचा आवाज आला, "लिफ्ट का पडत नाही." तिसऱ्या वाक्याला तो थांबला. वर्गात कुणीतरी हसलं. लिफ्टवाले दारापाशी गेले, दाराच्या मुठीवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने चिठ्ठी बाहेर काढली. आत अजून सगळं गप्प होतं. त्यांच्या बावीस वर्षांतली कुठलीही लिफ्ट एवढा वेळ अडकली नव्हती.

त्यांनी मुठीवरचा हात काढला. बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आत बारकीने मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली.

ती बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं आणि कपाळ घामाने भिजलेलं होतं. बापाची अवस्था तिच्याहून वाईट होती. चिठ्ठीचा चुरगळलेला बोळा बाकाखाली पडला होता.

"किती वेळ गं," ते म्हणाले. "मला वाटलं तास झाला."

"सात मिनिटं," बारकी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. "अडकलेल्या माणसाला तसंच वाटतं."